काट्याच्या पावतीवरची वेळ

ऊसतोडीवरचा माझा पहिला मोठा लेख 'पहाटेचे चार. कोप्यांमधून धूर निघू लागलाय' असा सुरू झाला होता. छापून आला, दोन-चार फोनही आले. मग ज्या ताईंवर लिहिला होता, त्यांना तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "चारला आमी फडात असतो की. भाकरी दोनलाच थापते मी."

मी त्या कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) पोचलो होतो सकाळी नऊला. चार वाजले, ते माझ्या टेबलावर.

दीर्घ वार्तांकन शिकणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. प्रसंग लिहायचा तर तुम्ही तिथं हजर हवेत, नाहीतर कागद आणि दोन माणसं यांची साक्ष जुळायला हवी. यातलं काहीच नसेल तर ती कथा आहे, दिवाळी अंकाला पाठवा.

विषय आणि गोष्ट यांत गल्लत करू नका. 'ऊसतोड कामगारांचं जीवन' हा विषय. त्यावर पाच हजार शब्द लिहिले तरी ते जागचे हलत नाहीत. 'या कोयत्याची उचल यंदा फिटेल का?' ही गोष्ट. (उचल म्हणजे मुकादमानं, टोळी जमवणाऱ्या ठेकेदारानं, हंगामाआधी दिलेली आगाऊ मजुरी, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे वाचकाला इथंच सांगून टाकायचं.) तिला सुरुवात आणि शेवट आपसूक मिळतो, आणि तुमच्या फेऱ्याही ठरतात: मुकादम उचल वाटतो तेव्हा गावात, ऐन थंडीत फडावर (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात), आणि मार्च-एप्रिलमध्ये हिशेबाच्या दिवशी पुन्हा गावात. पहिल्या फेरीत लोक पाहुण्याशी बोलतात तसं बोलतात. ती वही जपून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका.

कागद मागायला लाजू नका. मला ताईंच्या कोपीत एका पिशवीत कारखान्याच्या वजनकाट्याच्या सतरा पावत्या मिळाल्या. तारखेनुसार जमिनीवर मांडल्या. एकीवर भरलेल्या बैलगाडीच्या वजनाची वेळ रात्री ११:४०, रिकाम्या गाडीची २:१०. 'रांगेत कसं वाटतं?' असं विचारलं असतं तर 'काय वाटायचं' एवढंच उत्तर आलं असतं. मी ताईंच्या नवऱ्यापुढं पावती धरून विचारलं, "या अडीच तासांत काय केलंत?" मग बैलांना टाकलेलं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आलं, उसन्या मागितलेल्या तंबाखूवरून झालेलं भांडण आलं, गाडीखाली लागलेला डोळा आला. तंबाखूचं भांडण शेजारच्या गाडीवानाला विचारून पक्कं केलं. त्याच्या मते चूक अर्थात दुसऱ्याची होती.

माहिती अधिकाराचा अर्ज हंगामाआधीच टाका. दहा रुपयांचं काम, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि अपिलात गेलात तर ऊस संपतो. जिल्हा परिषदेकडून, तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांतल्या मुलांची संख्या मी अशीच मागवली होती. आकडे वाचकाच्या मनात प्रश्न उठेल तिथंच ठेवा. गर्भाशय काढून पुन्हा फडात आलेली बाई लेखात आली, की मग २०१९मध्ये बीडमधल्या त्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेली नीलम गोऱ्हे समिती येऊ द्या. आधी नको.

नावं बदलायची असतील तर बदला आणि तसं लेखात सांगा. मुकादमाशी त्यांना पुढच्या सालीही व्यवहार करायचा असतो. वेळा, वजनं, रकमा मात्र बदलू नका.

तो लेख मी पुन्हा लिहिला. आता तो २:१०ला सुरू होतो: नवऱ्याची रिकामी गाडी काट्यावर, आणि कोपीत ताईंची पहिली भाकरी तव्यावर.