डिप्रेशनचा 'आधी-नंतर'वाला मेंदूचा फोटो आला तर तो बघायचा कसा

तुमच्या फॅमिली ग्रुपवर पण आला असेलच तो, डावीकडे निळाकाळा मेंदू, उजवीकडे पिवळा-लाल, खाली 'डिप्रेशन' आणि 'बरं झाल्यावर'. आमच्यात आला तशी लालबागची मावशी लगेच विचारायला लागली की दादाचा पण स्कॅन काढून घेऊ का, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे रंगांना भुलू नका. मेंदूत लाल-पिवळं काही नसतं, रंग कॉम्प्युटर भरतो. बाजूला आकडे असलेली रंगपट्टी आहे का आणि दोन्ही फोटोंना एकच आहे का ते बघा, कारण पट्टी हलवली की तोच मेंदू विझलेला पण दाखवता येतो आणि पेटलेला पण.

मग स्कॅन कुठला ते. साधा एमआरआय फक्त रचना दाखवतो, हे असले डाग बहुतेक पेट (PET) स्कॅनचे असतात. त्यात किंचित किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात आणि ज्या भागाचं काम जास्त तो ते जास्त ओढतो.

आता खरी गंमत. डिप्रेशनमध्ये अख्खा मेंदू झोपतो असं नाहीये! मेंदूवर संशोधन करणाऱ्या हेलन मेबर्ग यांच्या टीमने 1999 मध्ये दाखवलं की लोक बरे झाले तेव्हा कपाळामागच्या बाहेरच्या भागाचं काम वाढलं, पण आत खोल असलेल्या सबजेन्युअल सिंग्युलेट नावाच्या भागाचं उलट कमी झालं. म्हणजे 'नंतर'च्या फोटोत सगळंच झगमगत असेल तर मला तरी शंका येते. त्यात 2004 च्या एका अभ्यासात गोळ्यांनी बरे झालेल्यांचं कपाळामागचं काम वाढलं आणि सीबीटी, म्हणजे बोलून करायच्या थेरपीने बरे झालेल्यांचं चक्क घटलं, मग 'बरा झालेला मेंदू' म्हणून नक्की कुठला फोटो दाखवणार?

आणि हे सगळे निष्कर्ष अनेक जणांची सरासरी काढून आलेत. मुंबईत कुलाबा-सांताक्रूझच्या पावसाच्या आकड्यावरून पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला आत्ता गुडघाभर पाणी आहे की कंबरभर ते सांगता येतं का, तसंच एकट्या दादाचा स्कॅन बघून डिप्रेशन आहे की नाही ते ठरत नाही. डॉक्टर कधी एमआरआय सांगतात, पण ते फिट, अंगात कमजोरी, उतारवयात अचानक बदललेलं वागणं असं काही असेल तर, दुसरं कारण नाही ना ते बघायला. थायरॉइड, बी12 च्या रक्ततपासण्या त्यापेक्षा जास्त वेळा लिहून देतात.

आधी-नंतर बघायचंच असेल तर पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची प्रश्नावली भरा, मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, 27 पैकी मार्क, मराठीत पण मिळतो. तारीख टाकून ठेवा आणि उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी परत भरा, गोळ्यांना पण तेवढा वेळ लागतोच. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे, तिथे शून्य सोडून काही आलं तर टोटल करत बसू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा नाहीतर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे आणि रात्री पण चालू असतो.

मावशीला म्हटलं स्कॅनचे पैसे ठेव बाजूला, उद्या सकाळी लवकर जाऊन केईएम हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढ, दादासोबत मी येतो.