मुलांना सरकार शिकवताय? या चुका टाळा

सीमाभागातल्या मराठी शाळांत एक सवय काही केल्या जात नाही. कोल्हापूरकडचं गाईड उघडायचं आणि जसंच्या तसं फळ्यावर उतरवायचं. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीची मुलं मला धडाधड उत्तरं देत होती. गावाचा प्रमुख कोण? सरपंच. त्याला कोण निवडतं? गावातले मतदार. महाराष्ट्रात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते! पण ही मुलं कर्नाटकात राहतात. इथे लोक सदस्य निवडतात आणि ते सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. कारभार बघायला पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो. शाळेशेजारीच पंचायतीची कन्नड पाटी होती. मुलं कन्नड शिकतात, तरी ती पाटी त्यांच्याकडून कुणी वाचून घेतली नव्हती. मी धडा बाजूला ठेवतो आणि आधी पंचायतीत नेतो. यात एक दुपार जाते. 'पोर्शन राहतो' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण घाईत पाठ केलेलं परीक्षा संपली की पुसलं जातं.

दुसरी चूक याहून वाईट. चंदगडचा मामेभाऊ महाराष्ट्राचा नागरिक आणि आपण कर्नाटकचे का, असं पोर विचारतं, तेव्हा मोठी माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर घोषणा देतात. उत्तर सरळ आहे. नागरिकत्व एकच, भारताचं. राज्याप्रमाणे रेशनकार्ड, शाळा, पंचायत बदलते, नागरिकत्व नाही. सीमाप्रश्नाबद्दल विचारलं तरी टाळू नका. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासूनचा हा वाद आहे, आणि महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला आहे. दोन राज्यांचं भांडण कोर्टात जातं, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हात वर करून घेऊ नका. सगळी पोरं आधी दांडगट मुलाकडे बघतात, मग हात वर करतात. चिठ्ठ्या, एक डबा आणि आडोशाला एक बाक, एवढ्यावर काम होतं. मी डाव्या तर्जनीला स्केचपेनची रेघही ओढतो आणि खरी शाई म्हैसूरला बनते हे सांगतो.

राष्ट्रपतींपासून सुरुवात करू नका, गावातल्या नळाला पाणी कोण सोडतं, तिथून करा.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला, म्हणजे कर्नाटकच्या विधिमंडळाच्या इमारतीला, सहल न्यायची तर आधी आपला आमदार कोण, हे मुलांना माहीत हवं. विधानसभेतल्या २२४ जणांत तो एक आहे.

संविधानाची उद्देशिका पाठ करून घेता, चांगलंच आहे, पण 'न्याय' म्हणजे काय हेही विचारा.

आणि मक्कळ ग्रामसभेत, म्हणजे पंचायतीच्या मुलांसाठीच्या ग्रामसभेत, मुलांच्या तोंडी शिक्षकांनी लिहिलेलं भाषण घालू नका. शौचालयाला दार नाही, गेटसमोर गतिरोधक हवा, हे मुलंच नेमकं सांगतात. त्यांच्याच अक्षरात अर्ज लिहून घ्या, दोन प्रती काढा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय त्यांना पंचायतीतून हलू देऊ नका.