नैतिक पेचात अडकलात? या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडला दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण बसतो. कुणी घरातला, कुणी नोकरीतला पेच मांडतं. नऊ वर्षं त्याच त्या चुका पाहतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ज्याच्याबद्दल ठरवायचं, त्यालाच न विचारणं. ही मी स्वतः केली आहे. २०१४ च्या गारपिटीत निफाड तालुक्यातली मामांची द्राक्षबाग झोपली. बाग पुन्हा उभी करायला कर्ज हवं होतं. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर आई आणि मावशीचीही नावं लागलेली, त्यामुळे बँकेला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. मामा थेट हक्कसोडपत्रच करून घेऊन आले. मी भडकलो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिलाय, तुम्ही तो काढून कसा घेता? मामा म्हणाले, बागच गेली तर पोरांना काय खायला घालू? तीन संध्याकाळी हेच चाललं. चौथ्या दिवशी आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्यावरून भांडताय ना दोघं? मग मला कुणी विचारलंत का?" तिचं ठरलेलं होतं. "कर्जाला संमतीची सही देते. हक्क सोडणार नाही. बाग उभी राहिली की वाट्याचं बोलू." मावशीनं मात्र हक्क सोडला. मला ते आजही पटलेलं नाही, पण ती सही तिनं समजून-उमजून केली होती.

तेव्हापासून मी वहीत ज्यांना झळ बसणार त्या प्रत्येकाचं नाव लिहितो आणि पुढे त्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. नावापुढची ओळ कोरी असेल तर आधी त्या माणसाला भेटून यायचं. मोबाइलवर प्रश्न टाकून दोन मिनिटांत उत्तर मागणाऱ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते. वाटू दे.

दुसरी चूक त्याच गोष्टीत आहे: दोनच वाटा धरून बसणं. सही करायची की नाही, यावर आम्ही घसा कोरडा केला. कोणत्या कागदावर, हे आईला सुचलं.

एकच नियम कवटाळू नका. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्य बोलायचं व्रत घेतलेल्या या ब्राह्मणानं जीव वाचवायला लपलेल्या लोकांची जागा दरोडेखोरांना खरीखरी सांगितली. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

नव्या मुलांना तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांचं १९६७ चं कोडं आवडतं. भरधाव ट्राम पाच जणांवरून जाऊ द्यायची, की एकटा माणूस उभा असलेल्या रुळावर वळवायची? पाचव्या मिनिटाला विचारतात, "सर, बरोबर उत्तर काय?" मी लगेच दुसऱ्या तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांचा पूल पुढे ठेवतो: ट्राम अडून पाच जण वाचावेत म्हणून एका धिप्पाड माणसाला पुलावरून रुळावर ढकलाल? आकडे तेच, तरी आता हात अडतो. तो का अडतो, यावर तासभर बोला. कोडं त्यासाठीच आहे. ज्याला हा तास जड जातो, तो घरचा पेचही घाईनंच उरकतो.

"पूर्वापार चालत आलंय" हे उत्तर नव्हे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार बंद ठेवणारेही परंपराच सांगत होते.

रागात ठरवू नका. एक रात्र जाऊ द्या.

आणि ठरलं म्हणजे संपलं, असं धरू नका. मामांचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं. वाट्याचं बोलणं मात्र दर दिवाळीला निघतं आणि पुढच्या दिवाळीवर जातं. यंदा तो विषय मी काढणार आहे, आईला विचारून.