भाड्याच्या घरातली आणि ऑफिसातली विजेची उपकरणं कशी तपासायची

उपकरणं तपासायला गेले की समोर घरमालक असो नाहीतर ऑफिसचा मॅनेजर, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, सगळं चालू आहे हो, बघायचं काय त्यात?" फ्रीज गार करतोय, इस्त्री तापतेय, प्रिंटर कागद सोडतोय, यावरून वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन तारा जागेवर आहेत एवढंच कळतं. तिसरी, बिघाडातला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार तुटून वर्ष झालं असलं तरी उपकरण तसंच मजेत चालत राहतं. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. आतली फेज एखाद्या दिवशी पत्र्याच्या बॉडीला टेकली की मगच तो बिघाड कळतो, आणि तोही बॉडीला हात लावणाऱ्याला.

म्हणून ही तपासणी करायची. त्यातलं अर्ध्याहून जास्त काम घरमालकाला किंवा ऑफिसातल्या एखाद्या जबाबदार माणसाला स्वतः करता येतं. मोजणीच्या मीटरचं काम मात्र ज्याला तो मीटर कळतो त्यानेच करावं.

आधी यादी

घर भाड्याने देताना जे जे तुम्ही दिलंय ते तुमच्या यादीत: फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर, मायक्रोवेव्ह, टेबल लॅम्प. भाडेकरूने स्वतः आणलेली केटली त्याची. भिंतीतलं वायरिंग, डिस्ट्रिब्युशन बोर्ड ही वेगळी तपासणी आहे, तिची इथे सरमिसळ नको. ऑफिसात कर्मचारी घरून आणतात ते चार्जर आणि पंखेही यादीत घ्या. नियम म्हणून बंदी घातली तरी ते टेबलाखाली असतातच.

यादीतून हमखास सुटतात ते एक्स्टेंशन बोर्ड आणि सुट्या कॉर्ड. कॉम्प्युटरची मागून निघणारी कॉर्ड आज या मशीनला, उद्या त्या मॉनिटरला. तिला स्वतःचा नंबर द्या आणि तिची नोंद वेगळी ठेवा. मला नापास कराव्या लागणाऱ्या वस्तूंत मशीनपेक्षा कॉर्ड आणि एक्स्टेंशन बोर्डच जास्त असतात.

मग प्रत्येक वस्तूचा क्लास लिहा, कारण पुढची टेस्ट त्यावर ठरते. धातूची बॉडी आणि तीन पिनी प्लग असेल तर बहुतेक क्लास वन: याची सुरक्षितता अर्थिंगवर उभी आहे. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर क्लास टू: दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची तार नाहीच. हेअर ड्रायर, ड्रिल मशीन बहुधा यातले. कमी व्होल्टेजच्या अडॅप्टरवर चालणारी वस्तू क्लास थ्री, तिथे तपासायचा तो अडॅप्टर. नेमप्लेट गेलेली असेल आणि खात्री नसेल तर क्लास वन धरून चाला.

डोळे आणि बोटं

ब्रिटनमध्ये या तपासणीला पॅट टेस्टिंग म्हणतात आणि स्टिकर चिकटवत फिरणाऱ्यांचा तिथे मोठा धंदा आहे. पण तिथले १९८९ चे नियम उपकरणं सुरक्षित स्थितीत ठेवा एवढंच सांगतात. दर वर्षी टेस्ट करा असं त्यांत नाही. तिथली सरकारी सुरक्षा संस्था, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, स्वतःच सांगते की बहुतेक दोष नुसत्या नजरेने सापडतात. माझा अनुभवही तोच आहे.

प्लग सॉकेटातून काढा. पिना काळ्या किंवा निळसर झाल्यात का? प्लास्टिक पिवळं पडलंय, वितळलंय? म्हणजे लूज कनेक्शन आहे, आणि दोष प्लगमध्ये जितका तितकाच सॉकेटमध्येही असू शकतो. नुसता प्लग बदलून भागत नाही. मग कॉर्ड हातात धरून टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवत जा. काप, चुरगळा, टेप लावलेला जोड, पायाखाली चेपलेली जागा हाताला कळते. टेपचा जोड दिसला की नापास, त्यावर चर्चा नाही. प्लगपाशी आणि मशीनपाशी, जिथे कॉर्ड आत शिरते, तिथे वरचं जाड आवरण मागे सरकून आतल्या रंगीत तारा दिसत असतील तर तेही नापास.

प्लग उघडता येणारा असेल तर उघडाच. क्लॅम्पने कॉर्डचं बाहेरचं आवरण धरलेलं हवं, आतल्या तारा नव्हे. अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवलेली हवी, म्हणजे कॉर्ड हिसकली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. तारेच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबलेलं दिसलं तर तेवढं टोक कापून नव्याने जोडा. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. कामगार मंडळी हे फार प्रेमाने करतात, दिसायला नीटस दिसतं म्हणून.

अर्थ पिन तोडलेला प्लग किंवा तीन पिनीला दोन पिनी करणारा जोड दिसला तर लगेच बाजूला काढा. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन लावलेलं, गालिच्याखालून नेलेलं, गुंडाळी न उलगडता हीटरला वापरलेलं, हे सगळं वस्तूचं नव्हे तर वापराचं चुकणं. तरीही नोंदवहीत लिहा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन मऊ होतं.

अर्थिंगची टेस्ट

क्लास वनला ही टेस्ट सगळ्यात आधी. प्लगची अर्थ पिन आणि उपकरणाची धातूची बॉडी यांच्यात रेझिस्टन्स मोजायचा. सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा ०.१ ओहम अधिक कॉर्डचा स्वतःचा रेझिस्टन्स. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरमागे सुमारे ०.०१३ ओहम, म्हणजे पाच मीटरच्या एक्स्टेंशनला ०.१७ पर्यंत चालेल.

आता एवढा बारीक आकडा साध्या मल्टीमीटरवर भरवशाने मिळत नाही. त्याच्या दोन प्रोबांचाच रेझिस्टन्स पुष्कळदा ०.२ ओहमच्या पुढे जातो. निदान प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. खरं पाहता यासाठी वेगळा अप्लायन्स टेस्टर मिळतो, तो २०० मिलिअँपिअरपासून २५ अँपिअरपर्यंत करंट सोडून मोजतो. २५ अँपिअरची सेटिंग कॉम्प्युटरसारख्या नाजूक वस्तूंना वापरू नका.

बॉडीवर प्रोब कुठे लावता त्यालाही महत्त्व आहे. रंगावर लावला तर काहीच दिसणार नाही, कारण रंग इन्सुलेटर. नुसत्या शोभेच्या पट्टीवर लावला तरी तेच. मागचा उघडा स्क्रू, बिजागरी, पाय अशा दोन-तीन जागा घ्या.

आणि हे विसरू नका: टेस्ट चालू असताना कॉर्ड वाकवा, पिळा, विशेषतः दोन्ही टोकांजवळ. पाऊण चौरस मिलिमीटरच्या कॉर्डमधल्या एका तारेत २४ बारीक तारा असतात. त्यातल्या तेवीस तुटून एक उरली तरी कमी करंटचं मीटर निवांत पास सांगतं, कारण तुटलेला भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. बिघाडाचा मोठा करंट आला की ती एकुलती तार क्षणात वितळेल. कॉर्ड हलवताना आकडा नाचला तर तो किती कमी आहे याला अर्थ नाही, कॉर्ड बदला.

उपकरण पास झालं तरी सॉकेटात अर्थिंग नसेल तर सगळं फुकट. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर अर्थिंग तुटलंय का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का एवढं सांगतो. अर्थिंग चांगलं किती आहे ते तो सांगू शकत नाही. आणि स्क्रू ड्रायव्हरचा टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग आहे, असा अर्थ कधीच काढू नका.

मेगर

इन्सुलेशनच्या टेस्टला आमच्यात मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) मारणं म्हणतात. उपकरण सप्लायपासून पूर्ण तोडायचं, फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडायच्या, आणि त्यांच्यात व अर्थ पिनमध्ये ५०० व्होल्ट डीसी द्यायचे. क्लास टूला अर्थ पिन नाही, तिथे बॉडीवर फिरता प्रोब. क्लास वनला किमान १ मेगओहम आणि क्लास टूला २, असे आकडे सामान्यतः धरतात. धडधाकट उपकरण याच्या कितीतरी वर दाखवतं.

उपकरणाचा स्वतःचा स्विच चालू स्थितीत हवा. बंद ठेवून मेगर मारला तर फक्त कॉर्ड तपासली गेली. आजकालच्या वॉशिंग मशीनमध्ये बटण दाबल्यावर आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडला जातो, आणि सप्लायशिवाय तो जोडलाच जात नाही. म्हणजे मेगर मोटरपर्यंत पोचतच नाही. अशा मशीनला चालू अवस्थेत लीकेज करंट, म्हणजे अर्थकडे गळणारा करंट, मोजणं हाच मार्ग.

दोन ठिकाणी आकडा फसवतो. सर्ज प्रोटेक्शनवाल्या एक्स्टेंशन बोर्डात फेज आणि अर्थमध्ये एक घटक असतो, तो ५०० व्होल्टला वाहू लागतो आणि चांगला बोर्ड नापास ठरतो. तिथे २५० व्होल्टवर टेस्ट घ्या. दुसरं, बरेच दिवस बंद असलेला गिझर किंवा हीटर. कॉइलभोवतीची पांढरी पूड हवेतला ओलावा शोषते. आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) असलेल्या सप्लायवर, हात न लावता, थोडा वेळ तापवून, पुन्हा प्लग काढून मोजला तर आकडा चढतो. गिझरमध्ये पाणी आहे ना ते आधी बघा. चढला नाही तर कॉइल गेली.

झिणझिण्यांची तक्रार

"कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिणतं" असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर यांच्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून गळणारा किंचित करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग तुटलं की बॉडी २३० च्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते आणि झिणझिण्या येतात. एकट्या मशीनचा हा करंट सहसा एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर. पण एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आठ मशीन असतील आणि त्या बोर्डाची अर्थिंगची तार तुटली असेल, तर आठांचा करंट एकत्र होऊन ज्याने कुठल्याही एका बॉडीला हात लावला त्याच्यातून जातो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. म्हणून ऑफिसात मी सगळ्यात आधी एक्स्टेंशन बोर्डच तपासते.

क्लास टूच्या लॅपटॉप चार्जरवरही बारीक झिणझिणतं. त्यात अर्थिंग नसतंच, आणि चार्जर मूळ कंपनीचा असेल तर करंट सुरक्षित मर्यादेत ठेवलेला असतो. नकली चार्जरबद्दल मी असं म्हणणार नाही.

तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेही पडू शकतो. एकाच आरसीसीबीवर खूप मशीन लादली की कुठलाही बिघाड नसताना तो पडत राहतो, मग कुणीतरी तो काढूनच टाकतं. मशीन वाटून द्या. आणि त्याचं टेस्टचं बटण दाबत जा, पण त्याने फक्त आतली यंत्रणा कळते. अर्थिंगची तार मुळात नसली तरी ते बटण व्यवस्थित काम करतं.

किती दिवसांनी

वस्तू किती हलते आणि कोण वापरतो यावर ठरवा. इस्त्री, केटली, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर: महिन्या-दोन महिन्यांनी नजरेने, वर्षातून एकदा मीटरने. बांधकामाच्या जागी तीन महिन्यांनी. टेबलावर बसून असलेला मॉनिटर काही वर्षांनी बघितला तरी बिघडत नाही. घर असेल तर दर भाडेकरू बदलताना, नव्याला किल्ली देण्याआधी.

नोंदवहीत नुसतं 'पास' लिहू नका, आकडा लिहा. मागल्या वेळी ५० मेगओहम होता आणि आता ३, तर पास असूनही ते मशीन लवकरच उघडायचं आहे. सोबत क्लास, नंबर, तारीख, तपासणाऱ्याचं नाव.

यूपीएसला मेगर मारू नका. भिंतीचा प्लग काढला तरी त्याच्या आउटपुटला २३० व्होल्ट असतातच. मायक्रोवेव्ह उघडूही नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असतो.

नापास वस्तू "नंतर बघू" म्हणून कपाटात ठेवली की कुणीतरी ती काढून वापरतोच. दुरुस्त होणार असेल तर 'वापरू नका' अशी चिठ्ठी आणि कुलूप. टाकायची असेल तर कॉर्ड मशीनच्या अंगाशीच कापा. कापलेली कॉर्ड प्लगसकट पडू देऊ नका, एका टोकाला उघड्या तारा असलेला प्लग कुणी सॉकेटात घातला तर काय होईल ते सांगायला नको. प्लग उघडून तारा सोडवा. साच्यातला, न उघडणारा असेल तर पिना वाकवून मगच कचऱ्यात.