अभ्यासिकेतील संगणकांवरून सॉफ्टवेअरची अनधिकृत नक्कल कशी रोखावी

सदाशिव पेठेतील अभ्यासिका असो, वाचनालय असो किंवा महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, तेथील एकेका संगणकावर दिवसभरात कितीतरी जण बसून जातात. अशा ठिकाणी नक्कल दोन वाटांनी होते. संस्थेने विकत घेतलेले सॉफ्टवेअर कोणी बाहेर नेतो, किंवा पेनड्राइव्हवर आणलेली क्रॅक केलेली (परवान्याचे कुलूप तोडलेली) प्रत कोणी तेथे टाकतो. दुसरी वाट संस्थेला अधिक अडचणीत आणते, कारण प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

पहिले काम म्हणजे प्रत्येक संगणकाचा डी ड्राइव्ह उघडून पाहणे. मशीन बसवून देणारा तंत्रज्ञ पुढच्या वेळेची सोय म्हणून सेटअपच्या फाइली आणि परवान्याच्या कीची नोंद तेथेच ठेवून जातो, आणि माझ्या मते बहुतेक नक्कल याच सोयीतून घडते. या फाइली तेथून काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात आणि ती डिस्क कपाटात कुलूपबंद ठेवावी. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास बॅकअप ठेवण्याची मुभा कलम ५२ देते. फाइलच जागेवर नसेल, तर पेनड्राइव्ह, ईमेल आणि क्लाउड या तिन्ही वाटा एकदम बंद होतात.

त्यानंतर वाचकांसाठी विंडोजमध्ये स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, खाते उघडावे आणि ॲडमिनचा पासवर्ड व्यवस्थापकापुरताच ठेवावा. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण काही प्रोग्राम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात पासवर्डशिवाय बसतात आणि काही पोर्टेबल प्रती थेट पेनड्राइव्हवरून चालतात. यासाठी विंडोजमधील ॲपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवणारी सोय, हिचे मूळ नियम लागू करावेत. त्यानुसार सामान्य खात्याला ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ या फोल्डरांबाहेरचा प्रोग्राम चालवता येत नाही. ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सेवा बंद असेल तर हे नियम कागदावरच राहतात, म्हणून ती सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

यूएसबी पोर्ट सरसकट बंद करण्याचा सल्ला अनेकजण देतात. मला तो अन्यायाचा वाटतो. स्वतःच्या टिपणांची प्रिंट काढायला अप्पा बळवंत चौकात जाणाऱ्या विद्यार्थ्याला पेनड्राइव्ह लागतोच. त्यावरचे प्रोग्राम चालू न देणे पुरेसे आहे.

पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू केला, तर वरचे सारे नियम वळसा घालून टाळता येतात. म्हणून बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ व्यवस्थेला) पासवर्ड घालावा, बाहेरच्या साधनावरून बूट होण्याची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, सोय बंद करावी आणि शक्य तेथे बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने डिस्क कूटबद्ध करावी. मराठी डीटीपीच्या (अक्षरजुळणीच्या) सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे ज्याशिवाय ते चालत नाही असे यूएसबीला लावायचे परवान्याचे छोटे साधन, असेल, तर तो सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावून कॅबिनेटसह कुलूपबंद करावा.

आता नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याच्या गरजेचेही पाहिले पाहिजे, कारण महागडे सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नसते म्हणूनच तो बऱ्याचदा ही वाट धरतो. लिब्रेऑफिस (लेखनासाठी), गिम्प (छायाचित्रांसाठी) आणि इंकस्केप (रेखाचित्रांसाठी) या मोफत सॉफ्टवेअरचे सेटअप एका वेगळ्या, सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरात ठेवावेत, आणि ते घरी नेण्यास परवाना मोकळीक देतो, अशी मराठी पाटी संगणकाशेजारी लावावी.