परदेशवारीसाठी थ्रीडी कॅमेरा निवडताना: आधी अंतर मोजा, मग पैसे काढा

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात एका पट्टीवर दोन कॅमेरे बसवून मी बाहेर पडलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दोन-दोन काऊन लागते, भाऊ?" उत्तर सोपं आहे. आपले डोळे एकमेकांपासून साधारण ६५ मिलिमीटरवर आहेत. प्रत्येकाला थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे चित्रं आणि आरसे वापरून दाखवून दिलं. डावा आणि उजवा असे दोन फोटो काढायचे, एकेका डोळ्याला एकेकच दाखवायचा, बस. एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच पुढे लिहितो. बॅटरी चार्ज करा, कार्ड रिकामं ठेवा, असलं काही सांगत बसणार नाही.

कुठे जाणार आणि काय टिपणार, ते कागदावर लिहा

प्रत्येक गोष्टीपुढे ती तुमच्यापासून किती मीटरवर असेल तेही लिहा. जेवणाचं ताट अर्धा मीटर, देवळातली मूर्ती दोन मीटर, रस्त्यावरची माणसं चार मीटर, डोंगर दोन किलोमीटर. मेगापिक्सेल किती आणि कंपनी कोणती, हे प्रश्न त्यानंतरचे.

बेस ठरवा (सगळी गोम इथे आहे)

दोन भिंगांमधल्या अंतराला आम्ही बेस म्हणतो. "डोळ्यांइतका बेस ठेवा, काम झालं" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. त्याहून घातक सल्ला म्हणजे "बेस जेवढा मोठा, तेवढी खोली जास्त". हा मी ऐकला आणि त्याची किंमत मोजली.

पहिल्यांदा कंबोडियाला निघालो तेव्हा दोन सारखे कॉम्पॅक्ट कॅमेरे १५ सेंटिमीटर बेसवर बसवले होते. घरी चाचणी कुठे घेतली, तर वावरात, सहा-सात मीटरवर उभ्या असलेल्या बंडीवर. बंडीची धुरी, चाकं, मागचा तुरीचा ढीग असं एकेक वेगळं उठून दिसलं. मी खूश झालो आणि तेच घेऊन अंगकोरला गेलो. तिथल्या ता प्रोमच्या देवळात, जे सातव्या जयवर्मनने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलं, झाडांची अजस्र मुळं भिंतींवरून आणि छपरांवरून खाली उतरली आहेत. अरुंद ओवऱ्यांमधून चालताना ती मुळं हातभर, फार तर दीड-दोन मीटरवर असतात. मी तीन दिवस टिपत राहिलो. घरी आल्यावर आईच्या हातात दर्शक दिला, म्हणजे डावा-उजवा फोटो एकेका डोळ्याला दाखवणारं साधन. तिने तो डोळ्यांना लावला आणि लगेच काढून डोळे चोळले. "दोन-दोन दिसते रे, डोये ताणून राह्यले." प्रत्येक जवळच्या मुळाची तीच गत होती. त्या फोटोंवर आजही नीट इलाज नाही, कारण चुकलेला बेस सॉफ्टवेअरने पूर्ण दुरुस्त होत नाही.

म्हणून हा हिशेब पाठ करा: सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर भागिले ३०, म्हणजे बेस. साध्या भिंगासाठी, आणि मागे दूरवरचं दृश्य असेल तेव्हा, हा नियम चांगला लागू पडतो. ६५ मिलिमीटर बेस असेल तर जवळची वस्तू दोन मीटरच्या अलीकडे नको. १५ सेंटिमीटर असेल तर साडेचार मीटरच्या अलीकडे नको. माझी बंडी सहा मीटरवर होती म्हणून छान दिसली आणि मुळं दीड मीटरवर होती म्हणून दोन-दोन दिसली. झूम दुप्पट केला तर बेस निम्मा करा. मागे लगेच भिंत असेल तर थोडी सूट मिळते, पण नवख्याने ती घेऊ नये.

दुसऱ्या टोकाचीही अडचण आहे. ६५ मिलिमीटर बेसवर शे-दीडशे मीटरच्या पलीकडचं सगळं पडद्यासारखं सपाट दिसतं. आमच्या शेजारचं लोणार घ्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभं राहून कितीही महागड्या थ्रीडी कॅमेऱ्याने टिपलं तरी ती बशी खोल दिसत नाही. तिथे काय करायचं? समोरची सगळ्यात जवळची झाडी १५० मीटरवर असेल तर बेस हवा ५ मीटर. म्हणजे एकच मोबाइल घ्या, एक फोटो काढा, काठावरून पाच मीटर बाजूला चाला, तोच मध्यबिंदू धरून दुसरा काढा. विवर अक्षरशः उघडतं. काठावरचं एखादं झुडूप चौकटीत शिरलं तर मात्र जोडी वाया गेली.

हीच युक्ती विमानात वापरता येते आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. खाली १० किलोमीटरवर जमीन किंवा ढग, म्हणजे बेस साधारण ३३० मीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने विमान सेकंदाला सुमारे २२० मीटर जातं, म्हणून दोन फोटोंमध्ये दीड सेकंद सोडा. चौकटीत पंख येऊ देऊ नका. विमानाच्या डाव्या बाजूला बसला असाल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा, उजव्या बाजूला असाल तर पहिला उजव्या डोळ्याचा. हे उलटं झालं की ढगांच्या जागी खड्डे दिसतात.

आता घरची परीक्षा, जी मी केली नाही आणि तुम्ही करायचीच आहे. वावरात किंवा अंगणात तुराट्या रोवा: अर्ध्या मीटरवर, एक, दोन, तीन, पाच आणि दहा मीटरवर, एकामागे एक पण जराशा तिरक्या ओळीत, म्हणजे सगळ्या दिसतील. जे साधन घ्यायचं मनात आहे, त्याने किंवा मागून आणलेल्या तसल्याच साधनाने जोडी टिपा आणि ज्या दर्शकातून पुढे बघणार आहात त्यातूनच बघा. जी तुराटी दुभंगते, तिच्या अलीकडचं जग त्या साधनासाठी बंद. तो आकडा तुमच्या यादीशी ताडून पाहा. घरातल्या दोघांना तरी दाखवा, कारण सवयीने आपले डोळे जास्त ताण सोसतात आणि पाहुण्यांचे सोसत नाहीत.

बेस ठरला, आता साधन

यादीत दगड जास्त असेल, देवळं, शिल्पं, किल्ले, तर हातातला मोबाइल पुरतो. पाय थोडे फाकवून उभे राहा, भार डाव्या पायावर ठेवून एक फोटो, भार उजव्यावर टाकून दुसरा. सहा-सात सेंटिमीटरचा बेस आपोआप मिळतो. वस्तू जवळ असेल तर कमी झुका. पहिल्या परदेशवारीला मी हेच सुचवतो. अंगकोरमधल्याच बायोनच्या देवळावरचे दगडी चेहरे मी दुसऱ्या खेपेला याच पद्धतीने टिपले आणि घरी सगळ्यात जास्त तेच मागून मागून पाहिले जातात. वारा सुटला की पानं हलतात आणि मधूनच माणूस चालत गेला की तो एकाच डोळ्याला दिसतो, एवढी मर्यादा आहे.

माणसं, बाजार, नाच हवे असतील तर दोन्ही फोटो एकाच क्षणी निघाले पाहिजेत. त्यासाठी एकाच अंगात दोन भिंगं असलेला कॅमेरा उत्तम. फुजीफिल्मचा रिअल थ्रीडी डब्ल्यू३ हा २०१० सालचा. बेस ७५ मिलिमीटर, मागच्या पडद्यावर चष्म्याशिवाय खोली दिसते आणि खिशात मावतो. आता तो जुन्या बाजारातच मिळतो. घेताना दोन्ही भिंगांनी झूमच्या दोन्ही टोकांना फोटो काढून पाहा. पडलेल्या कॅमेऱ्यात एक भिंग वर-खाली झालेलं असतं. डब्ल्यू३साठी सव्वादोन मीटर ही लक्ष्मणरेषा.

आयफोन १५ प्रोपासून आलेल्या स्पेशियल (म्हणजे थ्रीडी) व्हिडिओचा बेस जेमतेम दोन सेंटिमीटर आहे. ताटातलं जेवण आणि मांडीवरचं लेकरू सुंदर येतं. देऊळ येत नाही. भिंगापुढे लावायच्या आरशांच्या पेट्या घेऊ नका. चौकट अर्धी होते आणि कडा काळवंडतात.

दोन वेगळे कॅमेरे शेजारी ठेवणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या: दोन्ही सरळ ठेवले तर बेस कॅमेऱ्याच्या रुंदीपेक्षा कमी होऊच शकत नाही. दहा सेंटिमीटर रुंद कॅमेरे म्हणजे तीन मीटरच्या अलीकडे काही नाही. एकाच मॉडेलचे दोन मोबाइल उभे, खेटून धरले तर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास बेस मिळतो. प्रवासाला हे मला जास्त पटतं.

दोन कॅमेरे असतील तर पंख्याखाली परीक्षा

दोन्ही एका क्षणी उडतात का, म्हणजे फोटो काढतात का, हे पेटीवर लिहिलेलं वाचून ठरवू नका. सिलिंग फॅनच्या एका पात्याला लाल टेप लावा, पंखा सुरू करा, खाटेवर कॅमेरे आडवे ठेवून दहा जोड्या काढा. मिनिटाला ३०० फेरे धरले तर सेकंदाच्या शंभराव्या भागात पातं १८ अंश फिरतं, घड्याळातल्या तीन मिनिटांच्या खुणांइतकं. डाव्या आणि उजव्या फोटोतला फरक यापेक्षा जास्त नसेल तर चालत्या माणसांसाठी ते साधन चालेल. सेकंदाचा विसावा भाग चुकला तर चालणारा माणूस सात सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त, आणि मग फोटोतली खोली निव्वळ खोटी असते. हीच परीक्षा पंख्याचा वेग कमी करून पुन्हा घ्या, कारण पूर्ण फेरीचा उशीर झाला तर पहिल्या खेपेला पातं जागेवरच दिसतं. जुन्या कॅनन कॉम्पॅक्टवर स्टिरिओ डेटा मेकर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून यूएसबी वायरीने दोन्ही एकत्र उडवता येतात. ब्लूटूथच्या दोन रिमोटवर मी भरवसा ठेवत नाही.

पट्टी

तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी लांब खाच पाडून घ्या. दुकानात 'दोन सुताचे' बोल्ट मागा, म्हणजे पाव इंची. सहा एमएमचा दिला तर घेऊ नका. तो थोडा आत जातो आणि कॅमेऱ्याचा आटा खातो. बोल्ट कॅमेऱ्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त शिरता कामा नये, जास्तीची लांबी वायसर टाकून भरा.

बॅग

पट्टी आणि बोल्ट चेक-इन बॅगेत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे आणि २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची भरते. ट्रायपॉड घरी ठेवा, परदेशातल्या बऱ्याच संग्रहालयांत तो दारातच अडवतात. साधन महागाचं असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यासाठी बिल आणि सिरियल नंबर जवळ हवा. परतताना हाच कागद दाखवायचा.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात न येणारी एक अडचण तिकडे येते. एसी खोलीतून दमट हवेत पाऊल टाकलं की भिंगांवर वाफ धरते आणि दोन्हींवर सारखी धरत नाही. एक भिंग धुरकट असलेली जोडी बघताना डोकं चढतं. अर्धा तास बॅग बंदच ठेवा, मग दोन्ही भिंगं पुसून पहिली जोडी काढा आणि दोन्ही फोटो मोठे करून बघा.

जोड्या सरळ रेषेत आणायला स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. डाव्याचे आणि उजव्याचे फोटो मात्र रोज रात्री वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाका, मुक्कामाच्या जागीच.