इंग्रजी नामे: आधी मोजता येते का ते पाहा, मग प्रकार ओळखा

फळ्यावर लिहायला दोन खडू हवे आहेत. मराठीत एक खडू, दोन खडू, डबाभर खडू. काहीच अडत नाही. इंग्रजीत 'टू चॉक्स' म्हटले की चूक, तिथे 'टू पीसेस ऑफ चॉक' लागते. साबणाचेही तसेच. दुकानात आपण एक साबण मागतो, इंग्रजीत ती 'अ बार ऑफ सोप' होते. उलट नाकावरचा चष्मा आपल्याला एक दिसतो, पण इंग्रजीत 'माय ग्लासेस आर ऑन द टेबल' असा तो अनेकवचनी असतो.

नामाची व्याख्या आणि पाच प्रकार तोंडपाठ असणारी मुलेही नेमकी इथे अडखळतात. प्रश्नपत्रिकेत प्रकाराचे नाव विचारतात. वाक्य लिहिताना मात्र 'अ' लावायचा का, शेवटी 'एस' येईल का, पुढे 'इज' की 'आर', हे ठरवावे लागते. म्हणून प्रकार शिकायचेच, पण प्रत्येक प्रकार या तीन प्रश्नांशी जोडून.

नाम ओळखायचे कसे

शब्दाकडे एकटा पाहू नका, वाक्यातली जागा पाहा. 'द' किंवा 'माय' यांच्यानंतर जो शब्द मुख्य म्हणून उभा राहतो, तो नाम. 'आय वॉटर द प्लांट्स' यात 'वॉटर' क्रियापद आहे, कारण ती पाणी घालण्याची क्रिया आहे. 'द वॉटर इज कोल्ड' यात तोच शब्द नाम आहे. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' यात 'स्विमिंग' कर्त्याच्या जागी बसला आहे, म्हणून तो नामाचे काम करतो. स्पेलिंगनेही काही जोड्या वेगळ्या होतात: 'ॲडव्हाइस' नाम असेल तर शेवटी 'सी-ई', क्रियापद असेल तर 'एस-ई', आणि मग उच्चारही 'ॲडव्हाइझ' होतो.

पाच प्रकार, मराठीशी जुळवून

मराठी व्याकरणात आपण सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीन प्रकार शिकतो. इंग्रजीच्या शालेय पुस्तकांत कॉमन, प्रॉपर आणि ऍबस्ट्रॅक्ट या तिघांशिवाय कलेक्टिव्ह आणि मटेरियल असे आणखी दोन असतात. मराठीत समूह आणि पदार्थ दाखवणारी नामे सामान्यनामातच धरतात. 'गर्ल', 'रिव्हर' कॉमन. 'गोदावरी', 'नाशिक' प्रॉपर. 'टीम', 'फ्लॉक' कलेक्टिव्ह. 'गोल्ड', 'कॉटन' मटेरियल. 'ऑनेस्टी', 'चाइल्डहुड' ऍबस्ट्रॅक्ट.

शब्दावर प्रकाराचा कायमचा शिक्का बसलेला नसतो, तो वापरावरून ठरतो. 'आयर्न' म्हणजे लोखंड, तेव्हा मटेरियल आणि 'अ' नको. 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री, तेव्हा कॉमन. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'पेपर' म्हणजे कागद, तर 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. एक कागद हवा असेल तर 'अ शीट ऑफ पेपर'. 'हेअर' हे आणखी चांगले उदाहरण. डोक्यावरचे सगळे केस मिळून 'माय हेअर इज ब्लॅक', एकवचन; आमटीत सापडलेला एकच केस मात्र 'अ हेअर'. मराठीत 'केस काळे आहेत' म्हणायची सवय असल्यामुळे 'माय हेअर्स आर ब्लॅक' पटकन तोंडातून निघते.

मोजता येणारी आणि न येणारी

सर्वांत जास्त वेळ या भागाला द्या. कसोटी सोपी आहे: शब्दाआधी 'टू' लावून पाहा. 'टू चेअर्स' चालते, 'टू फर्निचर्स' नाही. जिथे 'टू' चालतो, तिथे एकवचनी नामाआधी 'अ', 'द', 'माय' असे काहीतरी लागतेच आणि 'मेनी' चालते. जिथे 'टू' चालत नाही, तिथे 'अ' नाही, 'एस' नाही, 'मेनी'च्या जागी 'मच' आणि क्रियापद एकवचनी.

अडचण एवढीच की ही कसोटी मराठी कानाने लावली तर फसते. आपल्याकडे सल्ले असतात, बातम्या असतात, पैसे असतात. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'मनी' ही तिन्ही अगणनीय. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' दिसतो म्हणून फसू नका, 'द न्यूज इज गुड' हेच बरोबर. 'मॅथेमॅटिक्स' आणि 'फिजिक्स' हे विषयही असेच एकवचनी. यांच्याबरोबर 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'होमवर्क', 'सीनरी', 'मशिनरी', 'नॉलेज', 'ब्रेड' एवढे शब्द वहीत एका पानावर लिहून ठेवा; 'इन्फर्मेशन्स', 'इक्विपमेंट्स', 'लगेजेस' या चुका अर्जांत आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये वारंवार दिसतात. मोजायचेच असेल तर आधी माप लावा: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड', 'अ ग्रेन ऑफ राइस'.

शंका आली की इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या अशा कोशांत नामाच्या अर्थाजवळ 'सी' किंवा 'यू' हे अक्षर छापलेले असते. 'सी' म्हणजे मोजता येते, 'यू' म्हणजे येत नाही. एकाच शब्दाच्या दोन अर्थांना दोन वेगळी अक्षरेही असतात, म्हणून आपल्याला हवा तो अर्थ गाठूनच अक्षर पाहा.

चष्म्यासारखे दोन भागांचे जिन्नस नेहमी अनेकवचनी: 'सिझर्स', 'ट्राउझर्स', 'ग्लासेस'. संख्या सांगायची तर 'अ पेअर ऑफ सिझर्स', 'टू पेअर्स ऑफ ट्राउझर्स'.

'एस' विसरतो का

मराठीत आकारान्त नसलेली बहुतेक पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलत नाहीत: एक दगड, दोन दगड, एक लाडू, दहा लाडू. त्याच सवयीने 'टेन स्टोन' लिहिले जाते. गणनीय नामाआधी एकाहून मोठी संख्या आली की 'एस' लावाच. 'शीप', 'डिअर' असे थोडेच शब्द अपवाद. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक सुशिक्षित माणसेही करतात. मित्र अनेक आहेत आणि त्यांतला एक, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. मात्र संख्या आणि नाम मिळून विशेषण झाले की 'एस' गळतो: पाच वर्षांची मुलगी म्हणजे 'अ फाइव्ह-यिअर-ओल्ड गर्ल'.

'मॅन-मेन', 'टूथ-टीथ', 'चाइल्ड-चिल्ड्रन', 'ऑक्स-ऑक्सन' हे पाठच करावे लागतात. यांत 'वुमन' नीट ऐका. स्पेलिंगमध्ये शेवटच्या भागातले एकच अक्षर बदलते, 'ए'चा 'ई' होतो. पण उच्चारात फरक पहिल्या भागात ऐकू येतो, 'वुमन'चे 'विमिन' होते.

कॅपिटल आणि 'द'

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर कॅपिटल हवे हे हाताला आपोआप सुचत नाही. माणसांची आणि गावांची नावे सांभाळली जातात. वार, महिने आणि भाषा सुटतात. 'मंडे', 'ऑगस्ट', 'मराठी', 'इंग्लिश' यांना कॅपिटल हवेच. ऋतूंना नको. 'मदर' हे हाक मारण्यासारखे नाव म्हणून आले तर कॅपिटल, 'माय मदर' असेल तर लहान 'एम'.

विशेषनामाआधी सहसा 'द' नसतो, पण नद्या, समुद्र आणि डोंगररांगा यांना असतो: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द वेस्टर्न घाट्स'. एकट्या शिखराला नाही, म्हणून नुसते 'कळसूबाई'.

समूह आणि भाव

'टीम', 'कमिटी' हे शब्द एक गट म्हणून आले तर 'इज'. सदस्यांचा वेगवेगळा विचार असेल तर ब्रिटिश इंग्रजीत 'आर'ही चालते, अमेरिकन इंग्रजीत बहुधा 'इज'च. 'पोलीस' आणि 'कॅटल' मात्र कायम अनेकवचनी: 'द पोलीस आर कमिंग'. एकच पोलीस आला असेल तर 'अ पोलीस ऑफिसर'.

भाववाचक नामे प्रत्ययांवरून पकडता येतात. आपल्याकडे चांगुलपणातला 'पणा', नम्रतेतला 'ता', गुलामगिरीतली 'गिरी'. तसे तिकडे 'काइंडनेस', 'फ्रेंडशिप', 'फ्रीडम', 'ॲबिलिटी', 'मूव्हमेंट'. विशेषणाशी गल्लत टाळा: 'शी इज ब्युटिफुल', पण 'हर ब्युटी'.

मराठी बोलणाऱ्यांचा आणखी एक खास घोटाळा आदरार्थी अनेकवचनाचा. 'बाबा आले' मधले अनेकवचन आदरापोटी आलेले आहे. इंग्रजीत तो आदर क्रियापदात उतरत नाही. 'माय फादर हॅव कम' म्हटले तर ते चुकलेले वाक्यच ठरते.

आता एक उतारा करून पाहा, आणि प्रत्येक नामापाशी थांबून वचन ठरवा: 'बाबा गावाहून आलेत. त्यांचं सामान खाली आहे. चष्मा टेबलावर आहे, पैसे कपाटात आहेत आणि बातमी चांगली आहे.' उत्तर असे: 'माय फादर हॅज कम फ्रॉम द व्हिलेज. हिज लगेज इज डाउनस्टेअर्स. हिज ग्लासेस आर ऑन द टेबल, द मनी इज इन द कबर्ड, अँड द न्यूज इज गुड.'